नोनीचे पंचामृत

आमच्या वैदेहीचे लग्न माझ्या गुडघ्यांमुळे मोडता मोडता राहिले.

गुडघे तसे निरुपद्रवी होते. जिना चढताना कुरकुरत, एवढेच. परंतु अमरावतीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या एका स्नेह्यांनी मला नोनी नावाच्या फळाच्या रसाविषयी सांगितले आणि माझी शांतता ढळली. उष्ण प्रदेशातले हे ओबडधोबड फळ म्हणे सांधे, साखर, झोप आणि केस अशा सर्वच आघाड्यांवर लढते! डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "सर, ठोस पुरावा फारसा नाही. त्यापेक्षा वजन कमी करा." (योग्य सल्ला नेहमी इतका गैरसोयीचा का असतो?) मी बाटली विकत घेतली.

झाकण उघडताच माझी पत्नी सुमन स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, काय मेलं इथं?"

"औषध आहे."

"मग पुरून या आधी! एक तर ही बाटली या घरात राहील, नाही तर मी!"

उत्तर द्यायला मी किंचित वेळ घेतला, हेही तिच्या लक्षात आले.

तेव्हा तो रस मी मधाच्या एका रिकाम्या बाटलीत ओतला आणि देवघराच्या कपाटात खऱ्या मधाशेजारी लपवला. रोज पूजेच्या निमित्ताने दोन चमचे पोटात जाऊ लागले. उदबत्ती वास झाकत असे आणि माझी भक्ती वाढलेली पाहून सुमन सुखावत असे. हळूहळू माझ्या नाकानेही शस्त्रे खाली ठेवली.

अशातच वैदेहीने निखिलचे नाव सांगितले. मुलगा उत्तम, घरचे शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे बागायतदार. बोलणी करायला येण्याआधी त्याचे वडील नानाभाऊ फोनवर अवघडून म्हणाले, "मास्तर, आमी शेतीतली माणसं. तुमच्या भटा-बामनाच्या घरचं सोवळं-ओवळं आमाले समजत नाही. चुकलं तं सांभाळून घ्या."

"बाबा," वैदेही मला म्हणाली, "त्यांना परकं वाटलं ना, तर ते उठून जातील. मग काही खरं नाही."

म्हणून मी ठरवले, की गुरुजी बोलावायचे नाहीत. छोटीशी पूजा स्वतः करायची आणि पंचामृत आपल्या हाताने देऊन पाहुण्यांचे स्वागत करायचे. पंचामृतातल्या प्रत्येक पदार्थाचा मंत्र वेगळा असतो, आणि उच्चार चुकू नये म्हणून मंत्र डोळे मिटून म्हणावा, ही माझ्या भिक्षुक वडिलांची शिकवण. त्या दिवशी पाहुण्यांदेखत दूध झाले, दही झाले, तूप झाले. मधाच्या मंत्राला मी डोळे मिटले, सवयीने कपाटात हात घातला आणि बाटली सढळपणे ओतली. उच्चार निर्दोष झाला!

प्रसादाला नाही म्हणण्याची आपल्याकडे सोय नाही. नानाभाऊंनी ओंजळ ओठांना लावली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. (मला वाटले, भारावले!) त्यांच्या पत्नीने तोंडाला पदर लावला. (मला वाटले, मर्यादशील!) निखिलने एका घोटात संपवले, तेव्हा मी प्रेमाने विचारले, "आणखी?" त्याने मुकाट्याने पुन्हा हात पुढे केला. मग सुमनने घेतले आणि माझ्याकडे पाहिले. त्या एका नजरेत मला बाटली आणि माझे भवितव्य, दोन्ही स्पष्ट दिसले.

नानाभाऊ सावकाश उठले. "मास्तर, खरं सांगा. आमाले मुद्दाम देल्लं काय हे?"

वैदेहीचा चेहरा पांढराफटक पडला. मी पडेल आवाजात म्हणालो, "नानाभाऊ, तो मध नव्हता. नोनीचा रस होता. गुडघ्यांसाठी. मी... चोरून पितो."

"नोनी!" नानाभाऊ ओरडले. "तरी म्हनलं, चव वळखीची काऊन लागून राहिली!"

आणि त्यांनी जीभ चावली. उशीर झाला होता. त्यांच्या पत्नीचा पदर तोंडावरून खाली आला.

"वळखीची? तुमाले कशी वळखीची? म्हंजे मोटरच्या खोलीत उंदीर मेला म्हनून मी फिनाईल टाकू टाकू मरून राहिली, तो वास याचा होय? दारात संत्र्याची बाग, अन् तुमी चोरून दुसरंच फळ पिऊन राह्यले?"

"गुडघे दुखतेत ना वं," नानाभाऊ थेट माझ्याच आवाजात म्हणाले.

सुमनला हसू आवरेना. तिने विहीणबाईंचा हात धरून त्यांना आत नेले. चहा होईपर्यंत आमच्या दोघांच्या एकूण लबाड्यांची तिथे उजळणी झाली आणि चहा बाहेर आला तो लग्नाच्या महिन्यासकट!

"इवाई," नानाभाऊ व्याह्याच्या नव्या हक्काने माझ्या कानाशी म्हणाले, "तुमच्या घरी कसं वागावं, या धाकानं झोप नोती मले. तुमी तं आपल्यातलेच निघाले!"

लग्नानंतर मी निखिलला विचारले, की पंचामृत दुसऱ्यांदा का घेतलेस? तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इतक्या मायेनं विचारलं. नाही कसं म्हणू?"

असे जावई, असे व्याही आणि अजूनही याच घरात राहणारी पत्नी लाभल्याबद्दल मी देवाचा मनापासून ऋणी आहे. रोज हात जोडून तसे सांगतोही. देवघरातला बाळकृष्ण मात्र माझ्याकडे पूर्वीसारखा पाहत नाही. त्याचेही बरोबरच आहे. आम्ही सर्वांनी ते पंचामृत नुसते प्यायले. त्याला मी त्यात आंघोळ घातली होती!