ओल्या फडक्याचा वास

माझ्या आनंदाला दवाखान्यातल्या टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला.

“अंघोळ घालतेस का याला? उंदरासारखा वास मारतोय. तुमच्या लोकांना कितीदा सांगायचं?”

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. आमच्या कवठे महांकाळकडं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं. ते सगळं पहाटे त्याच्या अंगावर ओतून मी सांगलीची एसटी धरली होती.

दोन वर्षांचं पोर. बसत नव्हतं. बोलत नव्हतं. झटके यायचे. त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. नर्सबाईंनी त्याचे पिंगट केस बघितले, मग माझा काळा हात बघितला.

“आई अशी, आणि पोर गोरंपान! कुणाच्या मळ्यात कामाला जातेस गं?”

रांग हसली. मी मान खाली घातली. डॉक्टरांनी दूध-अंडी चारायला सांगितलं. स्वतः उपाशी राहून मी चारली. पोर आणखीच विझत गेलं.

पुढं मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी तोंड फिरवलं नाही. त्याचं लघवीनं ओलं झालेलं फडकं हातात घेऊन हुंगलं, वर औषधाचे थेंब टाकले. फडकं हिरवं झालं.

“नवरा नात्यातला?”

“व्हय. सख्ख्या आत्याचा ल्योक.”

आमच्यात तसंच करतात. घरातली पोर घरातच राहते म्हणून.

बाई म्हणाल्या, “दूध, अंडी, डाळ यांतला एक अंश याला पचत नाही. तो साठतो आणि मेंदू खातो. वास त्याचाच. केस, कातडी त्यानंच फिकी पडतात. आणि हा आजार आईबाप दोघांकडून आला तरच होतो.”

मला पुन्हा दिवस गेले होते. त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. “याचा मेंदू आता भरून येणार नाही. या बाळालाही हा आजार असू शकतो. पण त्याची तपासणी पहिल्या आठवड्यांतच झाली, दूध बेतानं दिलं, तर ते वाचेल. खास दूध परदेशातून मागवावं लागेल. मी खटपट करते.”

मी ढसाढसा रडले. मग लय राग आला.

बाळंतपण मिरजेला करता आलं असतं. पण मान जिथं खाली गेली, तिथंच ती वर करायची होती. त्या रांगेत आणखी कुणाचं असं पोर असेल. आनंदाला घेऊन मी परत सांगलीच्या त्याच टेबलापुढं उभी राहिले. परत रुमाल निघाला.

“सायेब, रुमाल खाली घ्या. ह्यो वास जातीचा न्हाई, रोगाचा हाय.” मग नर्सबाईंकडं वळले. “कुनाच्या मळ्यात जातीस म्हून इचारलं हुतं न्हवं? आईबाप दोगांनी दिल्याबिगार ह्यो रोग हुत न्हाई. माझा नवरा नात्यातला, त्याचंच प्वार हाय ह्ये. आता हसा.”



“बाहेर हो,” डॉक्टर म्हणाले.

“न्हाई हुत.”

आनंदा मला कधी आई म्हणणार नाही. पोटातलं म्हणेल. ते जन्मलं की त्याचं ओलं फडकं मी याच टेबलावर आणून ठेवणार, आणि त्यावर औषधाचे थेंब पडल्याशिवाय इथून हलणार नाही. ज्याला रुमाल लावायचा त्यानं लावावा.