सरूचे मेल मी दारातच पुसले

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण मेल सर्व्हर सांभाळतात, म्हणून आज घडलेलं लगेच लिहितोय.

जाहिरातींचे मेल फार येतात म्हणून जळगावच्या आमच्या इंटरनेट केंद्रात मी सर्व्हरच्या दारातच फिल्टर बसवला होता. संशय आला की मेल खात्यात न जाता परस्पर पुसला जायचा.

पारोळ्याच्या नानांची मुलगी सरू घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून मस्कतला गेली होती. तिने लिहावं म्हणून नानांनी आमच्याकडे खातं उघडलं. दर आठवड्याला येऊन विचारायचे, "उनं का पत्र, भाऊ?" मी नाही म्हणायचो. गेल्या महिन्यात सरूची आई वारली.

आज सरू नानांसोबत आली. "मी तीनदा विचारलं, घरी येऊ का म्हणून," ती म्हणाली.

मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. फुकटच्या मेल सेवेवरून आले म्हणून संशयित ठरवून तिन्ही मेल फिल्टरने पुसले होते.

नाना एवढंच बोलले, "तिनी माय वाट देखत गयी."

ते दोघं गेल्यावर मी फिल्टर दारातून काढला. आता प्रत्येक मेल खात्यात पोचतो, संशयित वेगळ्या कप्प्यात पडतो. पुसायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तुमचा फिल्टर कुठे आहे? त्याने आजवर काय काय पुसलं, कधी पाहिलंत?