काथ्याची शिवण

माझं माहेर मालवणाकडचं, सासर सांगलीजवळ कृष्णाकाठी. सासरचा ऊस नदीपलीकडे, म्हणून लग्नानंतर वडिलांनी आपली छोटी होडीच ट्रकमधून धाडून दिली. कित्येक वर्षं ते तीच समुद्रात नेत. तिला एकही खिळा नव्हता. फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या होत्या. लाट आदळली की अशी होडी जराशी लवते, म्हणून फुटत नाही.

फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या सासऱ्यांना ते पटेना. "ही नाव हाय का वाकळ?" म्हणाले. मी समजावलं, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दिवाळीला माहेरी जाऊन आले आणि अंगणातच थिजले. बैलगाड्या बनवणाऱ्या सुताराकडून त्यांनी होडीभर बोटाएवढे खिळे ठोकून घेतले होते, आणि शिवण कापून काढली होती. सगळी!

"लय पक्की केली बघ, पोरी," सासरे कौतुकानं म्हणाले.

त्याच दुपारी होडी नदीत ढकलली. खिळ्यांपाशी फळ्या चिरलेल्या होत्या. समुद्राला पुरून उरलेली होडी काठाशीच, गुडघाभर पाण्यात बुडाली.

"तुमच्याकडचं लाकूडच कच्चं," सासरे म्हणाले.

आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं तडकतं. तेव्हा मात्र तशीच घरी आले. परसात कुणीतरी त्या कापलेल्या काथ्याच्या तुकड्यांना गाठी मारून दोरी बांधली होती. तिच्यावर सासऱ्यांची ओली धोतरं वाळत होती. दोरी काही तुटली नव्हती.