हमीदा आपांचा एक मे

प्रेस शॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या मशीनच्या आवाजामुळे सगळे ओरडून बोलत. हमीदा आपा मात्र हळू बोलायच्या, आणि राग आला की आणखी हळू. वाळूजच्या त्या छोट्या कारखान्यात मी कंत्राटी कामाला लागले, तेव्हा शेजारच्या मशीनवर त्या होत्या. पहिल्याच दिवशी जवळ बोलावून म्हणाल्या, "मंगल, मशीनला डोळे नायत. तुझा हात बी तिला पत्राच वाटतो."

औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतून त्या शिफ्टच्या बसनं यायच्या. नवरा वारलेला, मुलगी शिकत होती. डब्यात नेहमी जास्तीची भाजी असे. "खा गं, लाजून पोट भरत नाय." आधीच्या कारखान्यात त्यांच्या शेजारणीची बोटं प्रेसखाली गेली होती. आपांनी स्वतःची ओढणी तिच्या हाताला गुंडाळली होती. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढू दिला नाही.

त्या वर्षी एक मेला सुट्टी असूनही आम्हाला बोलावलं. ऑर्डर तातडीची होती. माझ्या लेखी तो दिवस म्हणजे शाळेतलं झेंडावंदन. कामगार दिन असतो हे कॅलेंडरवर वाचलेलं, एवढंच.

सुनीताच्या प्रेसचा सेन्सर बिघडला होता. हात आत असला की मशीन थांबवायची, हे त्याचं काम. पण तो उगाचच मशीन बंद पाडत होता. सुपरवायझरनं त्याची वायरच काढून टाकली. "आता थांबणार नाही. बस गं." सुनीता नुकतीच बाळंतपणाहून परतली होती. उलट बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. ती निमूट स्टुलावर बसली.

आपा उठल्या आणि सुनीता व प्रेस यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"आपा, बाजूला व्हा," सुपरवायझर साहेब म्हणाले.

"साहेब, मशीन ठीक आहे ना?"

"आहे म्हणतोय ना!"

"मग तुमचा हात ठेवा आत. सुनीता पेडल मारंल."

साहेबांनी हात खिशात घातला. एकीनं आपली प्रेस बंद केली, मग दुसरीनं. माझा नवराही त्याच कंत्राटदाराकडे होता. स्विचवर बोट ठेवून मी क्षणभर तशीच राहिले, मग दाबला. शॉपमध्ये फक्त पंख्याचा आवाज उरला.

"उद्यापासून येऊ नका," साहेब आपांना म्हणाले.

"उद्याचं उद्या बघू."

थोड्या वेळात कंत्राटदार आला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "नवऱ्याला फोन लावू का तुझ्या?" तो पुढं सरकल्यावर मी कुजबुजले, "आपा, आमच्या दोघांचंही काम जाईल."

"जाईल बी. झूट नाय बोलणार मी," त्या म्हणाल्या. "पन सालभर आपन त्यांचं ऐकतो. आजचा दिस आपल्या नावाचा आहे म्हंतात ना? मग आज तरी त्यांनी आपलं ऐकावं."

मी तिथंच उभी राहिले. सगळ्याच राहिल्या. ऑर्डर अडली तसा कंत्राटदाराचा आवाज खाली आला. दुपारी मेकॅनिक आला, नवा सेन्सर बसला, आणि मगच सुनीतानं पेडलवर पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं एकट्या आपांना अडवलं. आम्ही सगळ्या थबकलो.

"तुम्ही आत जा," आपा म्हणाल्या. "सेन्सरचा दिवा बघा. बंद असला तर बाहेर या. चालू असला तर काम करा, पोरींनो. घरं चालवायचीत."

दिवा चालू होता. आपा परतीच्या बसकडं वळल्या.

पुढं त्या घरीच शिवणकाम करू लागल्या. मी अधूनमधून बजाजनगरहून त्यांच्याकडं जायचे. पुढच्या एक मेला आम्हाला पुन्हा कामावर बोलावलं. संध्याकाळी मी थेट आपांचं घर गाठलं. आपा शिलाई मशीनवर कुणाचा तरी कुर्ता शिवत होत्या.

"आपा, आज सुनीता स्टुलावर बसलीच नाही. साहेबांना म्हणाली, आधी सेन्सर चालवून दाखवा."

"कोन? सुनीता?"

"हो. साहेबांनी आत लाकडी पट्टी घालून दाखवली. मशीन थांबली. मग बसली."

आपांनी कुर्ता बाजूला ठेवला. आतल्या खोलीतून लेकीला हाक मारली, तिला आपल्याजवळ बसवलं आणि मला म्हणाल्या, "आता पुन्हा सांग. पयल्यापासून."