काचेवरच्या टिकल्या

माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा येत असेल, तर भिंतीवरच्या नव्या पॅनेलची बटणं बडवणाऱ्यांचा. आम्ही दौंडचे. दौंड ते शिरूर या पट्ट्यात कुणाचा बंगला उभा राहिला किंवा एखाद्या मंगल कार्यालयाचं रूप बदलायचं निघालं, की दिव्यांच्या कामाला मला बोलावणं येतं. पूर्वी काम म्हणजे वायरी ओढायच्या, बोर्ड बसवायचा आणि पैसे घेऊन घरी जायचं. आता खटक्यांची रांग नसते. चार बटणांचं एक देखणं पॅनेल असतं आणि एकेका बटणात एक ‘सीन’ भरलेला असतो. कोणते दिवे लागायचे, किती उजेडानं लागायचे, किती सावकाश मावळायचे, हे सगळं लॅपटॉपवर आधी ठरवून ठेवायचं. मग एक बटण दाबलं की हॉलभरचे दिवे शहाण्यासारखे वागतात.

माणसं मात्र वागत नाहीत. हाताला जुन्या बोर्डाची सवय. निघताना वरपासून खालपर्यंत सगळी बटणं पटापट दाबतात, हॉल लाल-निळा करून ठेवतात आणि मला फोन करतात, “इंजिनिअर, तुमचं मशीन येडं झालंय.” मी इंजिनिअर नाही, आयटीआय केलेला वायरमन आहे, पण फोनवर ते सांगायच्या भानगडीत पडत नाही.

अशा माझ्याकडे मागच्या थंडीत न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेचं काम आलं. अंध मुलींची शाळा, तिथंच राहायची सोय. शाळेच्या कमिटीवर एक आप्पा होते. मोठे ऊसवाले, गावात त्यांच्या शब्दाला वजन. पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी काचेचं पॅनेल पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनात भरलं होतं. शाळेच्या नव्या हॉलचे दिवे आईच्या आठवणीसाठी आपण द्यायचे आणि पॅनेल हेच, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला राहवेना. मी म्हणालो, “आप्पा, मुलींना दिसत नाही आणि दिव्यांचा एवढा थाट कशाला?”

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. “अरं, बघणाऱ्याला दिसतंय न्हवं? पोरी गायला उभ्या राहिल्या की त्यांच्या आईबापाला त्यांची तोंडं नीट दिसाय नकोत व्हय?”

 मी कामाला लागलो.

पॅनेल मला स्टेजच्या कडेला, बाजाची पेटी ठेवायच्या जागेशेजारी बसवायचं होतं. काळी, गुळगुळीत काच. वर आलेलं बटण नाही, खाच नाही. नुसतं बोट टेकवलं की काम झालं. खरं सांगतो, भिंतीत बसल्यावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी दोन पावलं मागं जाऊन बघत उभा राहिलो. दिवे जोडून झाले, सीन भरून झाले, तेवढ्यात संगीताच्या बाई आल्या. मूळच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या, जन्मापासून अंध. लहानपणी याच शाळेत शिकायला आल्या आणि मोठेपणी इथंच शिकवायला लागल्या. शाळेचं स्नेहसंमेलन दरवर्षी त्याच बसवतात. काठी भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, “नवीन बटणं बसवली म्हणं. बघू द्या की भाऊ.”

आणि त्या बघायला लागल्या. म्हणजे हातानं. आधी चौकटीची कड चाचपली, मग चारी कोपरे, मग बोटं काचेवरून सावकाश फिरू लागली. तिकडं हॉल पिसाळला. दिवे फटकन पेटले, लगेच गेले, स्टेज निळं झालं, मग पिवळं, मग पुन्हा सगळा अंधार. खुर्च्या पुसत असलेल्या स्वयंपाकाच्या मावश्या आणि मुलींना भेटायला आलेले पालक एका सुरात ओरडले, “गेलीऽऽ!” आमच्या भागात लाईट गेली की लहानथोर सगळे असेच ओरडतात, त्याला शिकवावं लागत नाही.

बाई दचकल्या. “काय झालं? मी तर निस्ती बघत हुते.”

तिथंच सगळी गोम होती. त्यांच्या हाताचं बघणं पॅनेलला हुकूम वाटत होतं. डोळ्यांनी बघणारा माणूस दुरून बघतो, मग नेमकं एका जागी बोट ठेवतो. बाईंना बघायचं म्हटलं तरी बोट ठेवावंच लागणार, आणि बोट ठेवलं की हॉल नाचणार.

आप्पा हॉलमध्येच होते. त्यांनी लगेच तोड काढली. “बाई, तुम्ही नका तरास करून घेऊ. ह्येच्यावर झाकण बसवू, कुलूप घालू. चावी वॉचमनकडं. संमेलनाला तो दाबंल.” बोलण्यात कसलाही दुष्टपणा नव्हता, उलट काळजीच होती.  बाई काठी उचलून गेल्या.

दुपारी मी स्टेजवर डबा उघडून बसलो होतो, तेव्हा त्या परत आल्या आणि पेटीच्या स्टुलावर बसल्या.

“भाऊ, एक सांगू? मला नोकरी लागली तवा हितंच मागं खोली मिळाली. पहिल्यांदा गावाकडनं पावणं आलं. मी बसवलं, पोहं केलं, च्या दिला, लई गप्पा झाल्या. निघताना त्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, ‘बाये, दिवा लावला असतास तर तुझं तोंड तरी दिसलं असतं.’ सगळी माणसं अंधारात बसून पोहं खात हुती! मला वाईट वाटंल म्हणून कुणी बोललंच न्हाई.”

मला हसू आलं आणि ते लपवायला मी डब्यात मान घातली. बाई स्वतःच हसल्या म्हणून बरं.

“तवापासनं कुणी बी आलं की आधी इचारते, दिवा चालू हाय का? झोपताना इचारते, दिवा बंद हाय का? माझ्याच खोलीतला दिवा, आन् खबर दुसऱ्याकडनं घ्यायची. लहानपणी घरी तिन्हीसांजेला आई माझ्या भैनींना सांगायची, दिवा लाव गं. मला कवाच न्हाई सांगितलं. तिची चूक न्हाई, पण मला कुणी म्हणालंच न्हाई वो.” मग त्यांचा आवाज एकदम बदलला, वर्गात असेल तसा झाला. “संमेलन मी बसवते, गाणी मी बसवते, मग उजेड वॉचमनच्या हातात कशाला? ही बटणं माझ्या हाताला राहू द्या. तुम्हाला जमंल का नाही ते सांगा.”

जमेल की नाही ते मला माहीत नव्हतं. पण असं स्पष्ट मागणारं माणूस मला आवडतं. तसाच उठून मी आप्पांना सांगितलं की संमेलनापर्यंत झाकण बसवू नका. आप्पांनी खिशातून नवंकोरं कुलूप काढून दाखवलं. “जमलं तर झ्याक. न्हाई जमलं तर ह्ये लागणार. पावण्यांपुढं तमाशा नको.”

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून मी त्या पॅनेलच्या पोटात शिरलो. त्यात एक सोय असते, मला कधी तिची गरज पडली नव्हती. नुसत्या स्पर्शाला पॅनेलनं दाद द्यायची नाही, बोट धरून ठेवलं तरच ऐकायचं. ती चालू केली आणि हुकूम ऐकला की ‘टीं’ असा आवाजही करायला लावला. बाईंना बोलावलं. त्यांनी हात फिरवला, दिवे गप्प. मी खूश झालो, तेवढ्यात बाईंची बोटं मधेच एका जागी रेंगाळली आणि हॉल पुन्हा निळा झाला! ओळखायची जागा आली की त्यांची बोटं थांबतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. धरून ठेवायचा वेळ वाढवला. पुन्हा हात, पुन्हा निळं. असं करत करत त्यांचं बघणं संपून सांगणं कुठं सुरू होतं, तो वेळ आम्हाला सापडला.

पण गुळगुळीत काचेवर कुठलं बटण कुठं, हे कळायचं कसं? मी काहीतरी खरवडायच्या विचारात होतो. बाईंनी पर्स उघडली आणि टिकल्यांचं पाकीट काढलं, मखमली टिकल्यांचं. “ब्रेलच्या पट्ट्या नंतर करू. आत्ता ह्या हाईत.” पहिल्या, हॉलभर दिवे लावायच्या बटणाशेजारी एक टिकली, दुसऱ्याशेजारी दोन, तिसऱ्याशेजारी तीन, आणि सगळ्यात खालच्या, सगळं बंद करायच्या बटणाशेजारी एकही नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं सोपं लेबल कधी लावलं नव्हतं. संध्याकाळी आप्पांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “माझ्या काचेचं हळदीकुंकू केलं व्हय तुम्ही दोघांनी!”

मग राहिला अंधार. बाईंनी विचारलं, “दोन टिकल्यांचं दाबलं की हॉलात अंधार पडणार. तो एकदम पडतो का?”

“तुम्ही म्हणाल तसा पडेल.”

“मग एकदम नको. एकदम पडला की माणसं बोंबलत्यात. सावकाश उतरला की आपोआप गप व्हत्यात.”

“किती सेकंद ठेवू?”

“सेकंद मला काय सांगता? हे घ्या.” त्यांनी पेटीचा सूर धरला आणि ‘सा’ लावला. एका श्वासाचा, भरलेला, शेवटी बारीक होत होत विरून गेलेला. “एवढा.”

मी आकडा टाकला, बटण धरलं, त्यांनी पुन्हा ‘सा’ लावला. दिवे आधीच विझून गेले. “लवकर झालं,” मी म्हणालो. वेळ वाढवला. आता सूर संपला तरी दिवे रेंगाळत होते. पुन्हा बदलला. किती वेळा तो सूर त्यांनी लावला असेल कोण जाणे, एकदाही कंटाळल्या नाहीत. शेवटी एकदा असं झालं की वरचा शेवटचा दिवा आणि त्यांचा श्वास बरोबर एकाच वेळी संपले. मी काही बोललोच नाही.  इतकी वर्षं मी त्या जागी मनाला येईल तो आकडा टाकून मोकळा होत होतो.

“जुळलं न्हवं?” अंधारात बाई म्हणाल्या. माझ्या गप्प बसण्यावरूनच त्यांना कळलं होतं.

संमेलनाला गर्दी झाली. शिरूर, केडगाव, कुठून कुठून मुलींची माणसं आली होती. जीपा भरून आल्या होत्या. पोरं खुर्च्यांवर उड्या मारत होती, बायका एकमेकींना हाका मारत होत्या, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांचा सदऱ्याचा खिसा कुलपानं फुगला होता. मी पडद्याआड बाईंच्या मागं उभा. 

बाईंनी काचेवर हात फिरवला. एक टिकली. दोन टिकल्या. बोट थांबलं. ‘टीं.’

दिवे उतरायला लागले. बाईंनी ओठ मिटूनच तो ‘सा’ धरला होता, मला जेमतेम ऐकू येत होता. उजेड खाली येत गेला तशी मागच्या रांगांची कुजबुज थांबली, मग बायकांच्या हाका थांबल्या, एका पोराला कुणीतरी दटावलं, आणि मग काहीच नाही. एवढा मोठा हॉल, चिडीचूप. एकही ‘गेलीऽऽ’ नाही. बाई मान जराशी कलती करून ऐकत होत्या.

“पडला अंधार,” त्या हळूच म्हणाल्या. विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

मग त्यांनी तीन टिकल्यांचं बटण धरलं आणि स्टेजवर रांगेत उभ्या मुलींच्या चेहऱ्यांवर पिवळसर उजेड चढला. समोर कुणाची तरी आई पदरात तोंड घालून रडायला लागली. गाणी किती छान झाली ते मी सांगायला नको, मला गाण्यातलं कळत नाही. पण एकदाही दिवा चुकला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. मध्यंतरात आप्पा मागं आले, ते कुलूप माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “न्या ह्ये. तुमच्या हत्यारांच्या पेटीला लावा.”

कार्यक्रम संपला, माणसं मागच्या पटांगणात जेवायला गेली. मी स्टेजच्या मागच्या कडेला वाकून तात्पुरती ओढलेली वायर गुंडाळत होतो. मोबाईल गाडीत चार्जिंगला लावलेला. हॉल रिकामा झाला असं समजून बाईंनी, घरातली शेवटची बाई करते तसं, सगळं बंद करायचं बटण धरलं. ‘टीं’ झालं आणि उजेड सावकाश उतरत गेला. एका श्वासात सगळं काळंकुट्ट. मला स्वतःचा हात दिसेना. पुढं पाऊल टाकलं तर स्टेजवरून पडणार हे नक्की.

“बाई,” मी ओरडलो, “मी आतच आहे अजून. जरा दिवा लावा.”

काहीच उत्तर आलं नाही. मला वाटलं, गेल्या की काय.

“काय म्हणालात?” आवाज अगदी जवळून आला.

“दिवा लावा म्हणालो. मला काही दिसत नाही.”

 मग काचेवरून बोटं फिरल्याचा बारीकसा आवाज. “लावते की,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो शाळेतला करारी आवाज पार ओला झाला होता. “लावते हां. थांबा तितंच. हलू नका.”

‘टीं’ झालं. उजेड हळूहळू वर आला आणि मला त्या दिसल्या. बोट अजून पहिल्या टिकलीशेजारी धरलेलं, गालांवरून पाणी चाललेलं, आणि चेहरा हसरा.

“आता दिसतंय न्हवं तुम्हाला?”

“दिसतंय, बाई.”

“मग आटपा निवांत,” त्या म्हणाल्या. “तुमचं व्हईस्तवर मी दिवा चालू ठेवते.”