पंख्याखालची नोकरी

घरोघर वॉटर फिल्टर विकणाऱ्या आमच्या जुन्या ऑफिसातले आम्ही चौघं अजूनही गंगापूर रोडला चहाला भेटतो. किस्से काढावे लागत नाहीत, एकामागे दुसरा येतोच. आधी मी पोट धरून हसायचे. हल्ली मध्येच गप्प होते.

सुरुवात माझ्यापासूनच. जाहिरात होती, 'ऑफिस असिस्टंट पाहिजे. पंख्याखाली बसून काम.' सरांनी इंटरव्ह्यूत विचारलं, "स्माईल करता येतं?" मी केलं. सिलेक्शन! दुसऱ्या दिवशी खांद्यावर डेमोची बॅग आणि हातात सिडकोतल्या गल्ल्यांची यादी. म्हटलं, "सर, ऑफिस?"

"अख्खं नाशिक तुझं ऑफिस!"

घरी मी 'ऑफिसला जाते' असंच सांगत राहिले.

*

संदीप निफाडचा. त्याच्या कार्डावर 'एरिया मॅनेजर' छापलेलं, आईने गावभर पेढे वाटलेले. एकदा इंदिरानगरला त्याने बेल वाजवली आणि दार उघडलं ते गावच्या सुमनमावशीने! लेकीकडे आली होती. तिने बॅग बघितली, धुळीने माखलेले बूट बघितले. "मॅनेजरसाहेब, आत या. पाणी घ्या." फिल्टर काही घेतला नाही. निघताना हळूच म्हणाली, "गावात नाय सांगत मी. जा."

संदीप मावशीची नक्कल झकास करतो, पण दर वेळी त्याचे कान लाल होतात.

*

मग मला फोनवर बसवलं. समोर कागद: 'अभिनंदन! आपल्या घराची निवड झाली आहे.' निवड कसली, नंबर ओळीने लावायचे! एक रिटायर्ड गुरुजी शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान वाचतेस, बाळ. आता कागद बाजूला ठेव आणि खरं सांग."

ठेवायचा होता कागद, मी ठेवला फोन!

*

हा शेवटचा किस्सा मी चहाच्या टेबलावर कधीच सांगितलेला नाही.

गोड बोलते म्हणून सरांनी मला एचआर केलं. आता तीच जाहिरात मी द्यायची. पेठजवळच्या पाड्यावरून सविता आली, सोबत वडील. त्यांनी एकच विचारलं, "बाई, पोरीला उन्हात नाय ना हिंडावं लागायचं? म्हणून तर शिकवली तिला."

"नाही काका. पंख्याखाली बसून काम." सरांपेक्षा सफाईने म्हटलं मी. लाज वाटली. संध्याकाळी सरांनी शाबासकी दिली, तेव्हा ती लाज गेलीसुद्धा.

दोन महिन्यांनी काका न कळवता ऑफिसात हजर! हातात नागलीच्या पापडांचा डबा. "पोरीची खुर्ची बघायची हाय."

सविता तेव्हा पाथर्डी फाट्याला दारं वाजवत होती. मी बाहेर जाऊन तिला फोन केला. ती रिक्षाने आली, बॅग जिन्यातच ठेवली, ओढणीने घाम पुसत आत शिरली. मी उठले आणि तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. ती मान खाली घालून बसली.

काकांनी वर पंख्याकडे बघितलं, टेबलावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळले. "मग तुमी कुठं बसता, बाई?"

"मी... मी फिरतीवर असते, काका."

त्यांचा चेहरा उतरला. लेकीला म्हणाले, "सविता, बाईंना बी बसू देत जा गं तुझ्या खुर्चीवर. उन्हातून येत असतील."