देवदूताच्या हातावरची काच

गिरणी बंद पडल्यावर माझ्या नवऱ्याने वाकोल्यात, आमच्या खोलीच्या पुढच्या भागात, फ्रेमचं दुकान टाकलं. लाकूड तो कापायचा, काच मी बसवायचे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, असंच काम यायचं.

एका सकाळी गावठाणातल्या टीचर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या भावाला सांभाळणाऱ्या. भावाच्या पलंगासमोरची तसबीर खिळा निसटून पडली होती, काच फुटली होती.

"कालपासून जेवला नाही गं तो," त्या म्हणाल्या. "रिकाम्या भिंतीकडे बघत पडलाय."

चित्र काळं-पांढरं होतं. मूळ रंगीत चित्र युरोपातल्या कुठल्याशा चर्चमध्ये होतं. त्यावरून कोणा कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून हे छापलेलं, असं टीचरनी सांगितलं. लाकडाच्या मोळीवर हातपाय बांधलेला मुलगा, त्याच्यावर सुरी उगारलेला म्हातारा बाप, आणि ढगातून येऊन बापाचं मनगट धरणारा देवदूत. अब्राहाम आणि इसहाक. मला गोष्ट ठाऊक नव्हती, ती टीचरनीच सांगितली: देवाने बापाकडे मुलाचा बळी मागितला, आणि ऐन वेळी देवदूत पाठवून त्याचा हात अडवला. माझी नजर त्या मुलाच्या ताणलेल्या मानेवर गेली.

काचेचे बाकीचे तुकडे निघाले होते. एक मात्र ओलीमुळे कागदाला घट्ट चिकटला होता, नेमका देवदूताच्या हातावर.

नवऱ्याने पातं उचललं आणि परत खाली ठेवलं. "माझा हात जड आहे. तू बघ."

मी चित्र पालथं करून ओल्या फडक्याने कागद मागून भिजवला. टीचर स्टुलावर बसल्या, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बाहेर कोणीतरी फ्रेमचा भाव विचारत होतं. नवऱ्याने त्याला हातानेच परत पाठवलं. कागद मऊ झाल्यावर मी कोपऱ्यातून तो काचेपासून सोडवायला लागले. केसाएवढा सुटायचा, मग अडायचा. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसता येईना. बोट थांबवलं असतं तर कागद तिथेच फाटला असता.

शेवटी सुटला. चित्र सुलटं केलं तेव्हा देवदूताची बोटं काचेवर राहिली होती. कागदावर तिथे नुसता पांढरा डाग.

नवरा हळूच म्हणाला, "टीचर, पेन्सिलीने काढून देऊ?"

त्यांनी पांढऱ्या डागावर वाकून बघितलं. "नको. आहे तसं बसव."

दुपारी आम्ही दोघं तसबीर घेऊन त्यांच्या घरी गेलो. भिंतीचा गिलावा ढासळत होता, तिसऱ्या जागी कुठे खिळा पक्का बसला. भाऊ डोळे बारीक करून बघत होते. मी दाराशीच थांबले, त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती.

"हात गेला वाटतं," ते म्हणाले.

"हो, माझ्याकडून गेला," मी म्हटलं.

"आणि पोरगा?"

"त्याला काही झालं नाही."

त्यांनी मान हलवली आणि बहिणीला म्हणाले, "पेज असेल तर आण."

टीचर आत गेल्या. चमच्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.